तेलाबरोबर मातीही गेली : इल ग्रांद दलदलीचे प्रकरण

पार्श्वभूमी

16 मार्च 1978 रोजी सकाळी पर्शियन आखातातून कच्चे तेल घेऊन युरोपकडे निघालेल्या ‘अमोको कादिझ’ या टँकरचे सुकाणू फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्याजवळ निकामी झाले. मदतीला जहाज ओढणारी टग बोट आली, दोर बांधले गेले, ते तुटले, आणि रात्री जहाज पोर्तसाल या लहानशा मच्छीमार गावासमोरच्या खडकांवर चढले. पुढच्या दोन आठवड्यांत त्यातले सुमारे 2,23,000 टन तेल समुद्रात गेले. पश्चिमेच्या वाऱ्याने आणि भरतीच्या प्रवाहाने ते पूर्वेकडे ढकलले आणि 300 किलोमीटरांहून अधिक लांबीचा किनारा काळा केला. जहाज का फुटले, दोष कोणाचा होता आणि भरपाई किती मिळाली, यावर अमेरिकेच्या न्यायालयात अनेक वर्षे खटला चालला. या लेखाचा विषय तो नाही.

हा लेख त्या किनाऱ्यावरच्या एकाच जागेविषयी आहे. पोर्तसालपासून सरळ रेषेत 80 किलोमीटरांहून अधिक अंतरावर, पूर्वेला, इल ग्रांद नावाचे बेट आहे. नावात बेट असले तरी ते एका पुलाने मुख्य भूमीला जोडलेले आहे, आणि त्याच्या मागच्या आडोशाला खाऱ्या पाण्याची दलदल आहे. आपल्याकडच्या खाडीकाठी जशी तिवरांची राई असते तशी तेथे झाडे नाहीत, कारण हवा थंड आहे. तेथे गुडघ्याएवढे गवत, लव्हाळ्यासारखी टोकदार पाती आणि राखाडी पानांची बुटकी झुडपे आहेत. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या मोठ्या भरतीला पाणी दलदलीवर पसरते आणि भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत ते नाळींपुरतेच, दलदलीतल्या पाण्याच्या अरुंद वाटांपुरतेच, राहते. या भागातल्या उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक 8 मीटरांच्या वर जातो. मुंबईत तो साधारण 5 मीटरांच्या आसपास असतो, यावरून तेथील पाण्याच्या जोराची कल्पना यावी.

मातीतल्या सेंद्रिय कर्बाचा विचार करताना मी या प्रकरणाकडे पुन्हा पुन्हा वळतो. येथे दोन वेगळी संकटे एकाच जमिनीवर एकामागून एक आली. पहिले तेलाचे होते आणि दुसरे ते तेल काढण्याच्या कामाचे. दुसऱ्याच्या खुणा पहिल्यापेक्षा जास्त काळ टिकल्या. प्रकरणात सहभागी असलेल्या व्यक्तींची नावे येथे दिलेली नाहीत. त्यांच्या निर्णयांची कारणे समजून घेणे पुरेसे आहे.

दलदलीच्या मातीत काय चाललेले असते

समस्या नीट कळण्यासाठी तेल येण्याआधीच्या मातीकडे पाहावे लागते. अशा दलदलीत पायाचा अंगठा रुतेल एवढ्या वरच्या थरात हवा असते. त्याखाली माती काळसर होते आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. वरच्या थरातले जिवाणू आणि बुरशी प्राणवायू वापरून पाने, देठ आणि मेलेली मुळे कुजवतात. खालच्या थरात प्राणवायू नसल्यामुळे तेथले जिवाणू श्वसनासाठी त्याऐवजी समुद्राच्या पाण्यातले सल्फेट हे क्षार वापरतात. ते काम संथ असते आणि त्यातूनच तो वास येतो. खेकडे आणि गाळातले किडे बिळे करून हवा खाली नेतात, तर जिवंत मुळे स्वतःभोवती प्राणवायूची पातळ साय धरून ठेवतात. त्यामुळे ‘वर हवा, खाली नाही’ अशी सरळ रेष मातीत नसते. काळ्या मातीत मुळांभोवती गंजाच्या रंगाच्या बारीक नळ्या दिसतात. हवा तेथपर्यंत पोहोचली होती, याची ती खूण असते.

शेतजमिनीच्या सवयीने विचार करणाऱ्याच्या नजरेतून एक गोष्ट सहज निसटते. शेतात पालापाचोळा लवकर कुजला तर आपण समाधानी होतो, कारण त्यातले नत्र आणि स्फुरद पिकाला मिळते. दलदलीत सगळेच लवकर कुजून गेले तर ते जमिनीच्या जिवावर येते. दलदलीची उंची दोन गोष्टींनी वाढते : भरतीबरोबर येणारा गाळ, आणि न कुजता साचत जाणारी मुळे. काही भाग कुजून पोषण परत द्यायचा आणि काही भाग न कुजता राहून जमीन उचलून धरायची, या तोलावर दलदल समुद्राच्या पाण्याच्या वर तग धरून असते. म्हणून तेलाने विघटन मंदावले की वाढले, एवढेच विचारून भागत नाही. मुळे नव्याने येत आहेत का आणि कुजण्याचा वेग त्यांच्याशी जुळतो आहे का, हे त्याबरोबर विचारावे लागते.

तेल हा शेवटी कर्बच आहे, आणि समुद्रकाठच्या मातीत तो खाणारे जिवाणू मुळातच असतात. अडचण खाणाऱ्यांची नसते, जेवणातल्या बाकीच्या पदार्थांची असते. कच्च्या तेलात कर्ब भरपूर आणि नत्र-स्फुरद जवळजवळ नाहीच. तेल खाऊन वाढायचे तर जिवाणूंना मातीतलेच नत्र उचलावे लागते, आणि मग पाने-मुळे कुजवणाऱ्या इतर जिवाणूंसाठी आणि वनस्पतींसाठी ते कमी पडते. भाताच्या ताज्या पेंढ्याचा थर जमिनीत गाडल्यावर पुढचे पीक काही दिवस पिवळे पडते. ते का, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. तेलाच्या बाबतीत तेच अधिक तीव्रपणे घडते. शिवाय तेलाचे हलके, सरळ साखळीचे घटक जिवाणू आधी खातात. कड्यांच्या रचनेचे घटक मागे राहतात, आणि त्यांतले काही विषारी असतात. या सगळ्या कामाला प्राणवायू लागतो. तो जेथे पोहोचत नाही तेथे तेल वर्षानुवर्षे जवळपास तसेच पडून राहू शकते.

समस्या

इल ग्रांदला तेल पोहोचले तेव्हा ते द्रवरूप कच्चे तेल राहिलेले नव्हते. लाटांनी त्यात पाणी घुसळून तपकिरी, लोण्यासारखे घट्ट मिश्रण तयार केले होते. साफसफाई करणारे लोक त्याला ‘चॉकलेट मूस’ म्हणत. 24 मार्चला पौर्णिमा होती. त्या सुमाराच्या उधाणाने हे मिश्रण दलदलीच्या वरच्या भागांपर्यंत, जेथे एरवी क्वचितच पाणी येते तेथपर्यंत नेऊन ठेवले. पाणी ओहोटीने परत गेले, पण पूल आणि त्याचा भराव यांच्या आडोशाला अडकलेले तेल गेले नाही.

वनस्पती त्याखाली दबून मेल्या. तेलाच्या जाड थराने हवेचा मार्ग बंद केला, आणि बिळे करणारे प्राणी मेल्यामुळे हवा खाली नेणारेही कोणी उरले नाही. म्हणजे प्राणवायूची गरज सर्वाधिक असताना त्याची वाटच बंद झाली. त्याच वेळी मेलेली पाने-मुळे आणि तेल मिळून मातीत कर्बाचा ढीग पडला. याखेरीज ही दलदल आता तेलाचे कोठार झाली होती. प्रत्येक भरतीला त्यातले थोडे तेल सुटून शेजारच्या पुळणींवर आणि शिंपल्यांच्या खाजणांवर जाण्याची भीती होती.

ज्यांनी निर्णय घेतले त्यांच्यावरचा दबावही नोंदवला पाहिजे, नाहीतर आपण त्यांच्यावर अन्याय करू. जहाज खडकावर चढले ते फ्रान्सच्या संसदीय निवडणुकीच्या 12 आणि 19 मार्चच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये. ब्रिटनीची अर्थव्यवस्था कालवांची शेती, मासेमारी आणि उन्हाळी पर्यटन यांवर उभी होती. उन्हाळा तीन महिन्यांवर आला होता. हजारो सैनिक आणि स्वयंसेवक किनाऱ्यावर उतरले होते. काळ्या दलदलीकडे बोट दाखवून ‘येथे आम्ही मुद्दाम काहीच करत नाही’ असे त्या वसंत ऋतूत म्हणणे कोणत्याही अधिकाऱ्याला फार जड गेले असते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मोकळे, तरंगते तेल पंपाने उपसून घेणे आणि नंतर दलदलीला हात न लावणे. दुसरा, कमी दाबाच्या समुद्राच्या पाण्याने वनस्पती आणि नाळी धुऊन तेल पाण्यावर आणणे आणि तेथून गोळा करणे. तिसरा, माणसांनी फावड्यांनी आणि घमेल्यांनी वरचा तेलकट थर उचलणे. चौथा, यंत्रे आत घालून तेलाने भरलेली मातीच खरवडून काढणे. रसायने फवारून तेल विखुरण्याचा पाचवा मार्गही कागदावर होता, पण किनाऱ्याजवळ तो वापरायचा नाही असे फ्रान्सने ठरवले होते.

त्यामागे अनुभव होता. 1967 मध्ये ‘टोरी कॅन्यन’ या टँकरचे तेल इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर आले तेव्हा तेथे सुमारे 10,000 टन डिटर्जंट ओतले गेले, आणि त्याने तेलापेक्षा जास्त समुद्रजीव मारले. त्या घटनेचे तेल ब्रिटनीलाही लागले होते. म्हणजे 1978 साली उपाय अपायापेक्षा वाईट ठरू शकतो हा धडा माहीत होता. पण तो ‘रसायने वाईट’ अशा रूपात शिकला गेला होता. फावडे आणि बुलडोझर ही साधी, यांत्रिक, म्हणून निरुपद्रवी साधने वाटली. हे मला या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वळण वाटते. धडा साधनाविषयी घेतला गेला. जमिनीच्या कामकाजात आपण कितपत ढवळाढवळ करतो आहोत, या प्रश्नाविषयी तो घेतला गेला नाही.

पहिल्या आणि चौथ्या पर्यायांची तुलना त्या वेळी दिसणाऱ्या तेलावर झाली असे मानायला जागा आहे. किती तेल उरले, हा प्रश्न समोर होता. उरलेले तेल आणि मेलेली मुळे कुजवण्याची क्षमता मातीत किती उरली, हा नव्हता. पहिला प्रश्न डोळ्यांनी सुटतो. दुसऱ्यासाठी मोजमाप लागते, आणि संकटाच्या दिवसांत ते हाताशी नसते.

प्रत्यक्ष काय केले

सुरुवातीचे काम योग्य होते आणि ते शर्थीने केले गेले. शेतात शेणखताची रबडी वाहून नेणाऱ्या निर्वात टाक्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरला जोडून आणल्या आणि त्यांनी मूस ओढून घेतला. महागड्या यंत्रांपेक्षा या टाक्या अधिक उपयोगी पडल्या. साचलेल्या जागांतून मोकळे तेल अशा रीतीने निघाले. जे तेल पंपाने निघते ते काढलेच पाहिजे, याबद्दल तेव्हाही वाद नव्हता आणि आजही नाही, कारण जिवाणूंच्या आवाक्याबाहेरचा जाड थर कुजण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो.

त्यानंतर सैनिक, कामगार आणि स्वयंसेवक दलदलीत उतरले, आणि मागोमाग अवजड यंत्रेही. येथे काय घडते ते ज्याने भरतीच्या चिखलात पाऊल टाकले आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. पाऊल घोट्यापर्यंत जाते, आणि बुटाच्या तळाला चिकटलेले वरचे तेल हातभर खाली जाऊन बसते. यंत्राचा पट्टा तेच काम अधिक खोलवर करतो. वर असताना जे तेल ऊन, हवा आणि भरतीच्या पाण्याच्या संपर्कात होते, ते प्राणवायू नसलेल्या थरात दाबले जाते. दाबामुळे मातीतली छिद्रे मिटतात, मुळांच्या बारीक नळ्या बंद होतात आणि पाण्याचा निचरा थांबतो. तेल कुजवण्याच्या दृष्टीने ही परिस्थिती सर्वांत प्रतिकूल असते.

मग मातीच काढायला सुरुवात झाली. दलदलीच्या काही भागांत 50 सेंटिमीटरपर्यंत खोल थर उचलला गेला. नाळी रुंद आणि खोल झाल्या. तेल, माती, मुळे आणि गवत यांचा हजारो टनांचा लगदा किनाऱ्यावरून वाहून नेला गेला. ब्रिटनीत अशा कचऱ्याचा काही भाग कळीचा चुना मिसळून घट्ट केला गेला. त्या लगद्यात प्रदूषण होतेच, पण दलदलीने साठवलेला सेंद्रिय कर्ब, तिचे बियाणे, तिचे जमिनीखालचे खोड आणि तेल खायला नुकतेच वाढू लागलेले जिवाणूही होते.

पुढील काळात पुनर्रोपणाचा प्रयत्न झाला. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या किनारी दलदलींवर काम केलेल्या संशोधकांनी स्थानिक गवत आणि झुडपांची रोपे लावून पाहिली. उघड्या पडलेल्या मातीत रोपे नुसती लावून भागत नव्हते. नत्र आणि स्फुरद दिल्यावरच ती नीट वाढली. विघटनाचा अभ्यास करणाऱ्याला या निरीक्षणात नवल वाटत नाही. पोषणाचे चक्र ज्या वरच्या थरात फिरत होते तो थरच नेला गेला होता. उरलेल्या थरात कुजून परत मिळण्यासारखे फारसे काही नव्हते, आणि त्यात उरलेले तेल असलेल्या नत्रालाही वाटेकरी होते. खत देणे म्हणजे मातीने जे काम स्वतः केले असते ते बाहेरून करून देणे होते.

परिणाम

ब्रिटनीत कांतेल नावाची दुसरी एक दलदल आहे. तिच्यावरही तेल आले होते, पण तेथे अशी खरवडण झाली नाही. पुढच्या आठ वर्षांच्या पाहण्यांमध्ये असे दिसले की तेल आलेली पण न खरवडलेली दलदल सुमारे 5 वर्षांत बरीचशी सावरली, तर इल ग्रांदला 7 ते 8 वर्षे लागली. 1990 मधली हवाई छायाचित्रे गळतीपूर्वीच्या छायाचित्रांशी ताडून पाहिली गेली. तेव्हा, म्हणजे 12 वर्षांनंतरही, इल ग्रांदच्या खरवडलेल्या भागांत वनस्पतींचे क्षेत्र पूर्वीइतके भरून आलेले नव्हते.

येथे सावधपणे बोलले पाहिजे. या दोन दलदली एखाद्या प्रयोगशाळेतल्या दोन कुंड्या नव्हत्या. इल ग्रांदवर तेल अधिक होते, म्हणूनच तेथे साफसफाई अधिक झाली, आणि त्यामुळे फरकाचा किती वाटा तेलाचा आणि किती खरवडण्याचा, हे निखळपणे वेगळे काढता येत नाही. तरीही उशिराचे कारण कोठे आहे, हे जमिनीच्या उंचीकडे पाहिले की बरेचसे उलगडते.

दलदलीतल्या प्रत्येक वनस्पतीची भरतीच्या रेषेशी ठरलेली उंची असते. काही सेंटिमीटर खाली गेले तरी पाण्याखाली राहण्याचा काळ वाढतो, हवा कमी होते आणि त्या जागी दुसरीच वनस्पती येते किंवा कोणतीच येत नाही. गाळ आणि मुळे साचून अशी जमीन सर्वसाधारणपणे वर्षाला काही मिलिमीटर वाढते. वर्षाला 5 मिलिमीटर हा वेग धरला तर 50 सेंटिमीटर भरून यायला 100 वर्षे लागतात. तेलाचा एखादा थर हवेशीर मातीत काही वर्षांत कुजू शकतो. उंची एवढ्या घाईने परत येत नाही. त्यात नाळी रुंद झाल्यामुळे प्रत्येक भरतीला आत-बाहेर करणारे पाणी वाढले आणि काठांची धूप सुरू झाली. भूरूपाचा अभ्यास करणाऱ्यांनी दलदलीच्या आकारातला हा बदल स्वतंत्रपणे नोंदवला आहे.

वर ज्या तोलाविषयी लिहिले तो येथे दोन्ही बाजूंनी ढळला होता. वनस्पती नसल्यामुळे नवी मुळे येत नव्हती, म्हणजे मातीत सेंद्रिय भर पडत नव्हती. खरवडल्यामुळे उघड्यावर आलेले जुने, खोलवरचे सेंद्रिय पदार्थ मात्र प्रथमच हवेला आणि धुपीला सामोरे गेले. अशा जागी विघटन मोजले तर ते जोमदारही भरू शकते, आणि कोणी त्याला ‘माती सावरली’ असे समजेल. खरे तर ती जमीन आपले भांडवल खात असते.

निर्णयाचे क्षण

माझ्या मते या प्रकरणात तीन क्षण निर्णायक होते, आणि तिन्हींचे वजन सारखे नाही.

पंपाने निघणारे तेल संपले तेव्हा पहिला क्षण आला. तेथे थांबून पाहण्याची, निदान एक-दोन उधाणे जाऊ देण्याची संधी होती. भरतीचे पाणी स्वतः किती तेल धुऊन नेते हे त्यातून कळले असते. पण थांबण्याची अट आधी ठरलेली नव्हती. कामाला लागलेली माणसे आणि यंत्रे असताना ‘आता पुरे’ असे म्हणण्यासाठी आधी लिहून ठेवलेला निकष लागतो, नाहीतर काम तेल दिसेनासे होईपर्यंत चालते. दलदलीत तेल दिसेनासे होते ते माती संपल्यावरच.

दुसरा क्षण यंत्र आत घालण्याचा. मला हा सर्वांत जड वाटतो, कारण बाकी सगळ्या चुका काही अंशी मागे घेता येतात. धुणे थांबवता येते, खत बंद करता येते, रोपे पुन्हा लावता येतात. खोलवर दाबलेले तेल वर आणता येत नाही आणि वाहून नेलेली उंची परत आणता येत नाही. कामगारांसाठी फळ्यांचे मार्ग घालणे, नाळींच्या काठांवरूनच काम करणे, यंत्राची मर्यादा भरतीरेषेच्या वरच्या कडक जमिनीपर्यंत ठेवणे हे साधे उपाय होते आणि पुढच्या काळात ते दलदलींच्या साफसफाईचे नियम झाले. त्याच वर्षी फ्रान्सने समुद्रातल्या अशा अपघातांच्या अभ्यासासाठी ब्रेस्त येथे ‘सेद्र’ ही संस्था उभारण्याचे ठरवले, आणि अशा शहाणपणाला तेथे कायमचे घर मिळाले.

तिसरा क्षण सहज नजरेआड होतो. साफसफाईच्या वेळी दलदलीतले काही तुकडे मुद्दाम न खरवडता, खुणा करून, राखून ठेवता आले असते. तसे केले असते तर तेल आणि खरवडण यांचे परिणाम वेगळे काढण्यासाठी कांतेलसारख्या दूरच्या आणि वेगळ्या जागेवर अवलंबून राहावे लागले नसते. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या ‘डीपवॉटर होरायझन’ गळतीनंतर लुइझियानाच्या दलदलींत असे राखीव तुकडे ठेवले गेले, आणि तेथील साफसफाईविषयी आज जे ठामपणे सांगता येते त्यातले बरेचसे या तुकड्यांमुळे. त्याच अनुभवाने दुसरी बाजूही दाखवली. जेथे तेलाचा थर जाड होता आणि त्यावर मेलेल्या गवताची चटई पसरली होती, तेथे ती चटई काळजीपूर्वक कापून, तेल खरडून आणि पाठोपाठ गवत लावून फायदा झाला. म्हणजे ‘हात लावू नका’ हा सरसकट नियम नाही. तेल किती जाड आहे, हवेला वाट आहे का, आणि काढताना माती किती जाणार, यावर उत्तर बदलते.

वेगळे काय करता आले असते, आणि आज काय करावे

इल ग्रांदच्या जागी आज काम करायचे झाले तर मी तेल मोजण्याबरोबर कुजणे मोजण्याचा आग्रह धरीन. त्यासाठी अवजड साहित्य लागत नाही. सुती कापडाची पट्टी, साधारण वीतभर लांब, मातीत उभी सरकवायची. खुणेची काठी रोवायची. काही आठवड्यांनी पट्टी सावकाश ओढून काढायची, स्वच्छ पाण्यात हलवून चिखल सोडवायचा आणि वाळवायची. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, म्हणून पट्टीची ताकद किती घटली यावरून त्या खोलीवर पाने-मुळे कुजवणारे जिवाणू किती कामात आहेत हे समजते. निरोगी दलदलीतली पट्टी हातात धरली तर वरचा भाग पिवळट, विरळ झालेला, बोटाने ओढताच धागे सुटणारा असतो. खाली ती काळी पडलेली पण पुष्कळशी शाबूत असते, आणि मध्ये जेथे मूळ टेकले होते तेथे गंजाचा डाग असतो. तेलाखालच्या मातीत हा क्रम बिघडतो. पट्टी वरपासून खालपर्यंत काळी आणि मजबूत निघाली तर हवेचा मार्ग बंद आहे असे समजावे, आणि तेथे खत टाकून उपयोग नाही, आधी वरचा थर सैल करायला हवा. वरचा भाग लवकर विरला पण शेजारच्या मोकळ्या जागेपेक्षाही जास्त विरला असेल, तर तेथे खत थांबवावे आणि नवी मुळे येत आहेत का ते पाहावे. पट्टीचा निकाल नेहमी जवळच्या तेल न आलेल्या जागेशी आणि जमिनीच्या उंचीशी ताडून वाचायचा असतो. एकटा आकडा दिशाभूल करतो.

माती काढणे टळणारच नसेल, तर निदान किती खोल काढायचे ते तेलाच्या दिसण्यावरून न ठरवता जमिनीची उंची दोरी-पट्टीने किंवा लेव्हलने मोजून ठरवावे, आणि काढलेली उंची स्वच्छ गाळाने त्याच हंगामात भरून द्यावी. रोपे त्यानंतर लावावीत. इल ग्रांदला रोपांवर जेवढे कष्ट घेतले गेले त्यांतला काही भाग आधी उंचीवर खर्च झाला असता तर रोपांना खताची एवढी गरज पडली नसती, असे मला वाटते.

या प्रकरणाचा आपल्या किनाऱ्याशी संबंध दूरचा नाही. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया 3’ या जहाजांची टक्कर झाली आणि सुमारे 800 टन तेल सांडले. ते मुंबई आणि रायगडच्या खाड्यांतल्या खारफुटीपर्यंत पोहोचले. तिवराची श्वासमुळे चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात आणि त्यांवर तेलाचा लेप बसला की खालच्या मुळांचा प्राणवायू थांबतो, म्हणून तेथे साफसफाईचा मोह आणखी मोठा असतो. पण त्या बोटांमधून माणूस चालला तरी ती मोडतात, आणि तेल त्यांच्या बुडाशी दाबले जाते.

म्हणून पट्ट्या पुरण्याचे काम गळती झाल्यावर सुरू करून चालणार नाही. उरण, अलिबाग, ठाण्याच्या खाडीकाठच्या महाविद्यालयांना ते आजच, तेल नसताना, पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, त्याच ठरावीक ठिकाणी करता येण्यासारखे आहे. प्रत्येक पट्टीबरोबर वहीत जागा, खोली, पुरल्याची आणि काढल्याची तारीख, उधाण होते की भांग, आणि भरतीरेषेपासूनची उंची एवढे लिहिले म्हणजे पुरे.